गुप्तहेर नायिका : नाशिकच्या मोहिनीपासून जपानी ॲनिमेपर्यंत

वेश पालटून शत्रूच्या दारात जायचे, त्याचा विश्वास संपादन करायचा, त्याच्याच हाताने त्याचा नाश घडवून आणायचा आणि काम फत्ते होताच नाहीसे व्हायचे. हेरगिरीच्या व्यवसायाची ही चार कलमे मोहिनीच्या पुराणकथेत जशीच्या तशी सापडतात. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल, असा वर मिळालेल्या भस्मासुरासमोर मोहिनी नृत्य करते, तिचे अनुकरण करता करता असुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो आणि राखेचा ढीग होतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ हा चित्रपट नाशिक मुक्कामी तयार केला, तेव्हा भारतीय पडद्यावर प्रथमच स्त्रीची भूमिका स्त्रीने केली. त्या घटनेला शतक उलटून गेले आहे. या काळात वेशांतर करून शत्रूवर मात करणाऱ्या नायिकेने जगभर अनेक रूपे घेतली. त्यातील सर्वांत विपुल आणि विलक्षण रूपे जपानी सचेतपटांत, म्हणजेच ॲनिमेत, पाहायला मिळतात.

गुप्तहेर स्त्रिया केंद्रस्थानी असलेल्या हाणामारीच्या ॲनिमे मालिका हा आता स्वतंत्र कथाप्रकार म्हणून ओळखला जातो. पिस्तुले, पाठलाग आणि नाट्यमय वेशांतरे हे त्याचे बाह्यरूप होय. या नायिकेला कोणी पाठविले, तिच्या खऱ्या नावाचे काय झाले आणि काम संपल्यावर तिचे स्वतःचे असे काय उरते, हे प्रश्न त्यातील चांगल्या मालिका विचारतात.

नाशिकचे दोन आरंभ

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी आपला पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दादर येथे तयार केला. ३ मे १९१३ रोजी तो कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळके यांनी पुष्कळ शोध घेतला, पण एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसविण्यात आली. रंगभूमीवर बालगंधर्वांचे युग सुरू असताना प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

त्यानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनी केली, तर मोहिनी झाली त्यांची किशोरवयीन कन्या कमला, म्हणजेच पुढे रंगभूमी गाजविणाऱ्या कमलाबाई गोखले. दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या. मुलीला एकटीने वाढविण्यासाठी त्यांनी फिरत्या नाटक मंडळीचा आसरा घेतला. त्या काळात कुलीन घरातील स्त्रीने असे करणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणेच होते. रंगभूमीवर पुरुष स्त्रीवेश घेत होते त्या काळात हीच कमला पुढे पुरुषांच्या भूमिकाही करू लागली. अभिनेते चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू.

दुसरा आरंभ याहून कमी परिचित आहे. १९१५ च्या सुमारास फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपट केला. काड्यापेटीतील काड्या किंचित हलवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या, पुन्हा टिपायची. अशा शेकडो चौकटी ओळीने धावल्या की निर्जीव काड्यांत प्राण संचारल्याचा भास होतो. भारतातील सचेतपटाचा हा प्रारंभ मानला जातो. योगायोग असा, की जपानमधील उपलब्ध सर्वांत जुन्या सचेतपटांपैकी एक, जुनिची कोउची यांचा ‘नामाकुरा गाताना’, १९१७ चा आहे. बोथट तलवार घेऊन फसलेल्या सामुराईची ही विनोदी चित्रफीत हरवली असे समजले जात होते. पुढे ती ओसाका येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडली.

पडद्यावरची स्त्री आणि हलते चित्र ही दोन्ही पावले फाळके यांच्या कार्यशाळेत दोन-तीन वर्षांच्या अंतराने पडली. आपल्याकडे ती दोन वाटांनी गेली. ‘मोहिनी भस्मासुर’नंतरही स्त्री कलावंत सहज मिळत नव्हत्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. जपानमध्ये मात्र काही दशकांनी या दोन वाटा एकत्र आल्या.

मुखवट्याआडची मुभा

जपानकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या एका नायिकेची दखल घेणे आवश्यक आहे. १९३५ मध्ये वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ प्रदर्शित केला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स ‘नादिया’ या नावाने त्यात झळकली. दिवसा राजकन्या माधुरी आणि एरवी मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन जुलमी वजिराच्या माणसांना धडा शिकविणारी वीरांगना, अशी तिची दुहेरी भूमिका होती. नादियाने घोडदौड, छतावरून उड्या आणि मारामारीची दृश्ये स्वतः केली. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मधील धावत्या आगगाडीच्या टपावरील हाणामारी आजही चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. पुढे १९६८ च्या ‘खिलाडी’ या बाँडपटाचे विडंबन करणाऱ्या चित्रपटात साठीच्या उंबरठ्यावर असलेली नादिया पुन्हा पडद्यावर आली.

‘हंटरवाली’ आणि नंतरच्या गुप्तहेर नायिका यांच्यातील साम्य मुखवट्यात आहे. राजकन्येने उघड चेहऱ्याने चाबूक चालविला असता तर तत्कालीन प्रेक्षकाला ते कितपत रुचले असते, याची शंका आहे. मुखवट्याआड गेल्यावर तिला मुभा मिळाली. समाजाने जे उघडपणे करू दिले नाही ते गुप्तपणे करता येते, ही या कथाप्रकाराची जननी म्हणावी लागेल.

प्रत्यक्षातील हेर स्त्रिया

कल्पनेला आधार वास्तवाचा होता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हेरांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत परिव्राजिकेचा स्वतंत्र उल्लेख आहे. दरिद्री पण धीट, अंतःपुरात मान असलेली विधवा ब्राह्मण स्त्री संन्यासिनीच्या वेशात मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी जाऊन बातम्या काढीत असे. तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, हेच तिचे बळ होते.

विसाव्या शतकात दोन नावे विशेष ठळक झाली. पॅरिसमधील नर्तकी माताहारीला फ्रान्सने हेरगिरीच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १९१७ रोजी गोळ्या घातल्या. टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान हिने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या वतीने जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये बिनतारी संदेश पाठविण्याचे काम केले. पकडली गेल्यावर तिला १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत ठार करण्यात आले, पण तिने सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. ब्रिटनने १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

जपानच्या संदर्भात योशिको कावाशिमा हे नाव टाळता येत नाही. मांचू राजघराण्यात जन्मलेली ही मुलगी जपानी कुटुंबात वाढली. तिने केस कापून पुरुषी वेश स्वीकारला आणि जपानी लष्करासाठी चीनमध्ये हेरगिरी केली. युद्धानंतर चीनने तिला राजद्रोही ठरविले आणि २५ मार्च १९४८ रोजी देहदंड दिला. राजकन्या, पुरुषवेश, दोन देशांत विभागलेली निष्ठा आणि शेवटी कोणाचीच नसलेली एक स्त्री! पुढच्या कित्येक ॲनिमे कथांची बीजे या एका आयुष्यात दिसतात.

निन्जा स्त्रीसाठी जपानी भाषेत ‘कुनोइची’ असा शब्द आहे. ‘स्त्री’ या अर्थाच्या चित्रलिपीतील अक्षराचे तीन फटकारे सुटे केले तर ‘कु’, ‘नो’ आणि ‘इची’ अशी तीन चिन्हे मिळतात. शब्दातच संकेतलिपी दडलेली आहे. कुनोइचींच्या पथकांच्या कथा मात्र इतिहासापेक्षा विसाव्या शतकातील कादंबऱ्यांनी अधिक रुजविल्या.

तेझुका, ताकाराझुका आणि राजकन्या

‘ॲनिमे’ हा शब्द ‘ॲनिमेशन’चेच जपानी लघुरूप होय. जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात आणि बहुतेक ॲनिमे मालिका आधी गाजलेल्या मांगावर बेतलेल्या असतात. ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान ॲटम’ (ॲस्ट्रो बॉय) ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देण्याची प्रथा पडली. इतक्या कमी वेळात आणि कमी पैशांत सेकंदाला चोवीस चित्रे काढणे शक्य नव्हते. तेझुका यांनी चित्रांची संख्या घटविली. चेहरा स्थिर ठेवून केवळ ओठ हलविणे, एकाच चित्रावरून कॅमेरा सरकविणे, पार्श्वभूमीवर वेगाच्या रेषा ओढणे अशा युक्त्या त्यातून आल्या.

काटकसरीपोटी आलेल्या या युक्त्याच पुढे शैली बनल्या. हेरकथेला तर त्या फारच मानवल्या. गोळी सुटण्यापूर्वीची निश्चल शांतता, डोळ्यांचे समीपदृश्य आणि मग अचानक काही क्षणांची वेगवान धुमश्चक्री, हा ॲनिमेतील हाणामारीचा ताल त्या काटकसरीतून जन्मला आहे.

तेझुका यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. तेथे १९१४ पासून केवळ स्त्रियांचा संगीत नाट्यसंघ प्रयोग करीत आला आहे आणि त्यात पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. मराठी रंगभूमीवर पुरुष शालू नेसून उभे राहत असतानाच जपानमध्ये तरुणी कोट-टोपी चढवून नायक होत होत्या. आईबरोबर हे प्रयोग पाहिलेल्या तेझुका यांनी १९५३ मध्ये ‘रिबॉन नो किशी’ ही चित्रकथा सुरू केली. १९६७ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका आली. राजगादीवर मुलीला अधिकार नाही म्हणून सफायर ही राजकन्या राजपुत्र म्हणून वाढविली जाते आणि मुखवटा घालून दुष्टांशी लढते. ‘हंटरवाली’ची ही जपानी धाकटी बहीणच म्हणता येईल.

‘डर्टी पेअर’ ते ‘नुआर’

१९७३ मध्ये गो नागाई यांची ‘क्युटी हनी’ आली. वाटेल तो वेश क्षणात धारण करणारी ही यंत्रकन्या पित्याच्या खुनाचा सूड घेते. सरकारी वा निमसरकारी संस्थेची ओळखपत्रधारी प्रतिनिधी असलेली नायिका मात्र १९८५ च्या ‘डर्टी पेअर’ मालिकेने रूढ केली. हारुका ताकाचिहो यांच्या विज्ञानकथांवरील या मालिकेत केई आणि युरी या दोघी एका आंतरग्रहीय संस्थेच्या संकटनिवारक आहेत. त्यांचे अधिकृत सांकेतिक नाव ‘लव्हली एंजल्स’ असले तरी प्रत्येक मोहिमेत इतका विध्वंस होतो, की लोकांनी त्यांना ‘डर्टी पेअर’ हे टोपणनाव बहाल केले आहे. चूक त्यांची नसते, गुन्हेगार पकडला जातो, पण शहर बेचिराख होते. विनोदाच्या आवरणाखाली ही मालिका पुरुष हेरांच्या बिनधास्तपणाची खिल्ली उडविते.

नव्वदच्या दशकात सूर गंभीर झाला. मासामुने शिरो यांच्या मांगावरील मामोरू ओशी दिग्दर्शित ‘घोस्ट इन द शेल’ हा चित्रपट १९९५ मध्ये आला आणि केंजी कामियामा यांची ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ ही मालिका २००२ मध्ये. सार्वजनिक सुरक्षेच्या ‘विभाग ९’ची मेजर मोतोको कुसानागी हिचे जवळजवळ संपूर्ण शरीर कृत्रिम आहे. चित्रपटातील एका संभाषणात या प्रकाराचा सारा पेच येतो. नोकरी सोडायची तर शरीराचे भाग आणि सेवेतील स्मृती शासनाला परत कराव्या लागतील, कारण त्यांची मालकी शासनाची आहे. देशासाठी देह झिजविण्याची भाषा सर्वच देशांत चालते. येथे तो देहच सरकारजमा होणारी वस्तू ठरतो.

२००१ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘नुआर’ ही २६ भागांची मालिका आली. दिग्दर्शक कोइची माशिमो आणि निर्मिती बी ट्रेन या संस्थेची. स्मृती हरवलेली जपानी शाळकरी मुलगी किरिका आणि पॅरिसमध्ये राहणारी मूळची कॉर्सिकाची मिरेल या दोघी एका शतकानुशतके चालत आलेल्या गुप्त संघटनेचा माग काढतात. पडद्यावर रक्त जवळजवळ दिसत नाही. गोळीबाराच्या दृश्यांना युकी काजिउरा यांनी दिलेले स्तोत्रासारखे पार्श्वसंगीत मात्र मन व्यापून राहते. किरिकाला मारता येते, पण आपण कोण हे आठवत नाही, आणि मारताना दुःख का होत नाही याचेच तिला दुःख होते.

याच मालिकेच्या पावलावर २००३ मध्ये ‘गनस्लिंगर गर्ल’ आली. यू आइदा यांच्या मांगावरील या कथेत इटलीतील एक सरकारी संस्था जखमी वा निराधार मुलींना यांत्रिक शरीर देते, औषधांनी त्यांच्या स्मृती पुसते आणि राजकीय शत्रूंच्या हत्येसाठी वापरते. संस्थेचे नाव समाजकल्याण संस्था! प्रत्येक मुलीला एक पुरुष प्रशिक्षक नेमलेला असतो. औषधांमुळे मुलींची निष्ठा वाढते आणि आयुष्य घटते. ही मालिका मुलांनी पाहण्याजोगी नाही. सज्ञान प्रेक्षकालाही ती अस्वस्थ करते, आणि तोच तिचा हेतू आहे.

दुभंगलेले लंडन, अदलाबदल झालेल्या मुली

या परंपरेचे अलीकडच्या काळातील सर्वांत सुघड उदाहरण म्हणून ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ या मालिकेचे नाव घ्यावे लागेल. मासाकी ताचिबाना दिग्दर्शित आणि इचिरो ओकोउची यांची कथामांडणी असलेले तिचे १२ भाग जुलै ते सप्टेंबर २०१७ या काळात प्रक्षेपित झाले. संगीत पुन्हा युकी काजिउरा यांचेच. २०२१ पासून ‘क्राऊन हँडलर’ या शीर्षकाने तिची चित्रपटमालिका सुरू झाली.

कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या, पण काल्पनिक लंडनमध्ये घडते. गुरुत्वाकर्षणाला दाद न देणारे ‘कॅव्होराइट’ नावाचे द्रव्य हाती लागल्याने आल्बियन राज्याने हवाई आरमार उभारून जग पादाक्रांत केले आहे. हे द्रव्य एच. जी. वेल्स यांच्या १९०१ च्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’ या कादंबरीतून उसने घेतले आहे. कथेच्या दहा वर्षे आधी क्रांती होऊन देश राजसत्ता आणि कॉमनवेल्थ असा दुभंगला आणि लंडनच्या मधोमध भिंत उभी राहिली. १९६१ ते १९८९ पर्यंत बर्लिन विभागणाऱ्या भिंतीची आठवण कोणालाही व्हावी.

एका प्रतिष्ठित शाळेत शिकणाऱ्या पाच मुली प्रत्यक्षात कॉमनवेल्थच्या हेर आहेत. थंड डोक्याची आणि सराईतपणे खोटे बोलणारी अँज, मोटार चालविण्यात तरबेज असलेली थोरली डोरोथी, जपानहून आलेली तलवारबाज चिसे, गळ्यात यांत्रिक स्वरयंत्र बसविल्यामुळे कोणाचाही आवाज काढू शकणारी बिआट्रिस आणि पाचवी खुद्द राजघराण्यातील शार्लट. अँजचा चेहरा राजकन्येशी हुबेहूब जुळतो म्हणून राजकन्येला पळवून तिच्या जागी अँजला बसवायचे, अशी मूळ योजना असते. राजकन्या ती ओळखते आणि उलट प्रस्ताव मांडते : मीच तुमची हेर होते, मला राणी होण्यास साहाय्य करा.

पुढील मजकुरात कथेचे रहस्य उघड होते. दहा वर्षांपूर्वी या दोन मुलींनी खेळ म्हणून कपड्यांची अदलाबदल केलेली असते. त्याच दिवशी क्रांती होते आणि भिंत उभी राहते. खरी राजकन्या रस्त्यावर फेकली जाते आणि तिची हेर होते. खिसे कापून पोट भरणारी अनाथ मुलगी राजवाड्यात अडकते. तिला वाचन, शिष्टाचार, पियानोवादन सारे काही चोरून, कोणाला संशय न येऊ देता शिकावे लागते. पकडली गेली तर मृत्यू अटळ. म्हणजे मालिकेतील सर्वांत कसलेली हेर शाळेतल्या पथकात नाही, ती सिंहासनाच्या शेजारी दहा वर्षे बसलेली आहे. राणी होऊन भिंत पाडायची हे तिचे ध्येय गरिबीची चव घेतलेल्या मुलीचे आहे.

मालिकेची दुसरी खूण म्हणजे तिचे सामान्य माणसांवरील लक्ष. एका भागात विषारी वायूचा माग काढण्यासाठी या मुली एका कपडे धुण्याच्या कारखान्यात नोकरी धरतात. तेथील कामगार मुलींचे हाल पाहून त्या कामाची रचनाच बदलतात आणि कारखाना सावकाराच्या गुंडांपासून सोडवितात. आणखी एका भागात डोरोथीला आपला व्यसनी, कर्जबाजारी बाप शवागारात काम करताना भेटतो. त्या भेटीचा शेवट सांगण्यापेक्षा पाहणेच योग्य. भागांचा क्रमही मुद्दाम विस्कटलेला आहे. पहिल्या प्रक्षेपित भागाला ‘तेरावे प्रकरण’ असा क्रमांक आहे. हेराच्या फायलीप्रमाणे तुकडे जुळवीत प्रेक्षकाला पुढे जावे लागते.

नजर कोणाची?

या कथाप्रकाराची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. गुप्तहेर नायिकांच्या कित्येक मालिका पुरुष प्रेक्षकांच्या नजरेसाठी रचल्या गेल्या. कात्सुहिको निशिजिमा दिग्दर्शित ‘नाजिका’ ही २००१ ची १२ भागांची मालिका हे त्याचे ठळक उदाहरण. नायिका दिवसा एका सौंदर्यप्रसाधन कंपनीत सुगंधतज्ज्ञ आहे आणि प्रत्यक्षात निष्णात हेर. गंधावरून माणूस ओळखणारी हेर ही कल्पना खरोखर अभिनव होती. तथापि कॅमेरा सतत नायिकांच्या तोकड्या कपड्यांभोवती घुटमळत राहिल्याने मालिका तिच्या कल्पनेपेक्षा त्याच कारणासाठी ओळखली गेली. हातात शस्त्र दिल्याने स्त्रीच्या प्रतिमेला आपोआप प्रतिष्ठा मिळत नाही, हा धडा अशा मालिका देतात.

चांगली आणि सुमार मालिका यांतील भेद ओळखण्याची कसोटी साधी आहे. मोहिमेचा निर्णय नायिका कधी तरी स्वतः घेते का? तिच्या कृत्याची किंमत कथा मोजते का? आणि मुखवटा उतरवल्यावर तिच्याकडे पाहायला, तिचे ऐकायला कथेला वेळ असतो का? ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’ या तिन्हींत उतरते. ‘घोस्ट इन द शेल’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार खोलवर शोधते. ‘गनस्लिंगर गर्ल’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देते आणि त्याबद्दल प्रौढांना जाब विचारते. तात्सुया एंदो यांच्या मांगावरील, २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पाय एक्स फॅमिली’ने तर सारे गंभीर सूत्र घरगुती विनोदात आणले. येथे हेर नवरा आहे, बायको छुपी मारेकरी आहे, आणि दोघांची गुपिते केवळ मनकवड्या दत्तक मुलीला ठाऊक आहेत.

भारतीय पडद्याकडे परतताना

भारतीय प्रेक्षकांची ॲनिमेशी ओळख जुनी आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसणारा मोगली मूळचा जपानी मालिकेतील होता. २००४ मध्ये ॲनिमॅक्स ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. त्यानंतर इंटरनेटवरील प्रक्षेपणामुळे आणि हिंदी, तमीळ, तेलुगू आवृत्त्यांमुळे प्रेक्षकवर्ग वाढला. ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत झळकला.

भारत आणि जपान यांच्या सहयोगाचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे युगो साको यांचा ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’. भारतीय सचेतपटांचे अध्वर्यू राम मोहन त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तयार झालेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतात व्यापकपणे प्रदर्शित झाला. नाशिककरांना ज्या पंचवटीच्या कथा तोंडपाठ असतात, त्या वनवासाच्या कथा जपानी कुंचल्यातून साकारलेल्या पाहण्याचा योग त्यामुळे आला.

स्वतंत्रपणे पाहता भारतीय सचेतपटांची लोकप्रिय नावे २००५ चा ‘हनुमान’ किंवा २००८ पासूनचा ‘छोटा भीम’ अशी बाल-पराक्रमाभोवती फिरणारी आहेत. मुंबईच्या गीतांजली राव यांनी २०१९ च्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये फुले विकणाऱ्या तरुणीला हाताने रंगविलेल्या चित्रांत केंद्रस्थानी आणले, तेव्हा हे माध्यम प्रौढांच्या कथाही सांगू शकते याचा प्रत्यय आला. कौटिल्याची परिव्राजिका आणि ‘हंटरवाली’ची माधुरी हा वारसा हाताशी असताना गुप्तहेर नायिकेसाठी आपल्या चित्रकारांना परदेशाकडे पाहण्याची गरज नाही.

या प्रकाराची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने आरंभ ‘प्रिन्सेस प्रिन्सिपल’पासून करावा. तिचे १२ भाग चार-पाच तासांत पाहून होतात. हिंसा असल्याने ती किशोरवयीन आणि त्यापुढील प्रेक्षकांसाठी योग्य ठरते. त्यानंतर ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ आणि ‘नुआर’ यांकडे वळता येईल. घरातील लहान मुलांसमवेत पाहायचे असेल तर जुनी ‘रिबॉन नो किशी’ अधिक सोयीची.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके यांचे स्मारक आहे. तेथे येणाऱ्या बहुतेकांना राजा हरिश्चंद्र आठवतो. त्याच माणसाच्या कॅमेऱ्यासमोर नाशकात एक किशोरवयीन मुलगी मोहिनी होऊन नाचली आणि तिच्याबरोबर तिची आई पार्वती होऊन उभी राहिली. असुराला फसविणारी मोहिनी ही वस्तुतः वेश पालटलेला विष्णू. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतल्याची ही कथा सांगण्यासाठी, पुरुषांनी स्त्रीचे सोंग घेण्याचा पडद्यावरचा रिवाज प्रथमच मोडावा लागला. दुर्गाबाई आणि कमला या मायलेकींनी तो कोणताही मुखवटा न घालता मोडला.